सोळा तासांचा हिशोब

नवजात बाळ दिवसाला 14 ते 17 तास झोपतं, हे मी बायकोच्या सातव्या महिन्यात कुठंतरी वाचलं आणि इतका खूश झालो की विचारू नका. म्हटलं, चोवीसातले सोळा गेले, उरले आठ, त्यात दूध, शी-शू, मालिश, अंघोळ, धुरी सगळं आरामात बसतं. एका मित्राला मुद्दाम फोन करून सांगितलं पण, की तुम्ही लोक उगाच बाऊ करता राव. त्याला जुळी आहेत. तो बोलला काहीच नाही, नुसता हसला, आणि ते हसणं मला आता रोज रात्री तीनला ऐकू येतं.

तर आमच्या ठमाबाई (बारशाला चांगलं नाव ठेवलंय, घरात कोणी वापरत नाही) सहा आठवड्यांच्या झाल्यात, आणि आकडा खोटा नाहीये हे मी कबूल करतो. सोळा तासच झोपते. फक्त सुट्ट्या पैशात झोपते. चाळीस मिनिटं, वीस मिनिटं, मग सव्वा तास, मग अकरा मिनिटं. कुणी सोळा हजारांची उधारी दहा-दहाच्या नाण्यांत फेडावी आणि प्रत्येक नाणं द्यायला स्वतः दार वाजवावं, तसं.

डॉक्टर म्हणाले, पोट एवढंसं असतं, दोन-तीन तासांनी भूक लागणारच, आणि दिवस कुठला रात्र कुठली हे कळायला दोन-तीन महिने जातात. म्हणजे घड्याळ अजून लागलेलंच नाही. दुपारी खाली भंगारवाला ओरडतोय, वरच्या मजल्यावर ड्रिल चालू आहे, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, बाई ढिम्म. रात्री पावणेतीनला मात्र माझा गुडघा वाजला तरी जाग येते.

गुडघ्याचं जरा सविस्तर सांगतो. खांद्यावर झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवायचं म्हणजे आधी वाट बघायची, कारण डोळा लागला म्हणजे झोपली असं नसतं, पापण्या थरथरत असतात, बोटं हलत असतात, ती कच्ची झोप. मग कधीतरी हात लुळा पडून माझ्या पाठीवर लोंबायला लागतो. तेव्हा निघायचं. तिसऱ्या फरशीवर पाय द्यायचा नाही, ती हलते. मग वाकायचं, हळूहळू, आणि इथे उजवा गुडघा कट्ट. तो नाही वाजला तर पाठ गादीला टेकताक्षणी दोन्ही हात असे हवेत उडतात की जणू कोणी तिला गच्चीवरून सोडलंय. डॉक्टर त्याला मोरो रिफ्लेक्स म्हणतात, आई म्हणते दचकली गं बाई माझी. नाव काहीही द्या, मी परत खांद्यावर.

आणि सगळं जमलं तरी मी माती खातोच. परवा पाळण्यातून कुंथण्याचे, कण्हण्याचे आवाज यायला लागले, मी धावत जाऊन उचललं, तर भोकाड. बायको अंधारातच म्हणाली, "झोपली होती ती." नंतर कळलं की यांची जवळजवळ अर्धी झोप असलीच असते, आवाज करत, तोंडं वेडीवाकडी करत, मध्येच हसत. सासूबाई म्हणतात, सटवाई हसवतेय. सटवाईला हीच वेळ कशी सापडते पण?

बाकी मोहरीच्या उशीवरून घरात झालेल्या युद्धाबद्दल मी बोलणार नाही. डॉक्टर म्हणतात उताणं झोपवा, उशी नको. आई म्हणते, मग डोकं गोल कसं होणार, तुझं झालं ते काय आपोआप? यावर सासूबाईंनी माझ्या डोक्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

शेवटी मी दुधाच्या हिशोबाच्या वहीत तिच्या झोपेची नोंद ठेवायला लागलो, आणि लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांपुढे ती ठेवली. त्यांनी बोट फिरवत बेरीज केली, पंधरा तास चाळीस मिनिटं, म्हणाले उत्तम, अगदी छान. मग मंगळवारच्या पानावर थांबले. "3:20 झोपली, 3:31 उठली, 3:50... आणि ही रेघ कसली? पार पानाबाहेर गेलीये."

बायको म्हणाली, "ती ह्याची झोप."