पत्रिका फोटोशॉपातच टाईप करा, वर्ड काय लिहायला असतंय का

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, सॉफ्टवेअर कशासाठी बनवलंय हे बघायचंच नसतंय, आपल्याला कोणतं येतंय ते बघायचं. फोटोशॉप येत असलं तर बायोडेटा पण फोटोशॉपात, बॅनर काढायचं कोरल येत असलं तर ग्रामपंचायतीचा अर्ज पण कोरलमध्ये, आणि एमएससीआयटी करून नुसतं वर्डच आलं असलं तर जयंतीचा बॅनर पण वर्डमध्ये, वर्डआर्टची ती रंगीत कमान टाकून. लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादपर्यंत कुठंबी जा, एकाच सॉफ्टवेअरवर आख्खं घर चालवणारी माणसं भेटतात, आणि तुम्ही त्यांना विचारायला लागलात की दादा हे त्यात का केलं, तर चूक तुमची.

आता फोटोशॉप कोणतं टाकायचं. ७.० च, दुसरं नाही. २००२ सालचं आहे म्हणून नाक मुरडू नका. चेहऱ्यावरचे डाग पुसणारा हीलिंग ब्रश त्याच्यातच पहिल्यांदा आला, आणि आपल्याकडं त्या ब्रशखालून गेल्याशिवाय नवरदेव पत्रिकेवर चढत नाही, मग अजून काय पाहिजे? २०१३ पासून तर अडोबीनं नव्या आवृत्त्या भाड्यानंच द्यायला सुरू केल्या, महिन्याला पैसे भरा नाहीतर बंद. भाड्याच्या घरात राहणं वेगळं अन् भाड्याचं फोटोशॉप वेगळं. त्यापेक्षा कुणाच्या तरी पेनड्राईव्हवर क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, असतोच, त्याच्यासोबत एक नोटपॅडची फाईल असती, त्यात लिहिलेलं असतंय की आधी अँटीव्हायरस बंद करा. करा बंद. घरात शिरायच्या आधी कुत्रं बांधून ठेवा म्हणणारा माणूस चांगल्याच घरचा असणार.

टाकलं? आता त्यात मजकूर टाईप करा. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर असती तसल्या कुठंबी चालणाऱ्या मराठीत, करून बघितलं तर ‘विवाह’ची पहिली वेलांटी ‘व’च्या उजवीकडं जाऊन बसल, ‘प्रेषक’मधला ‘प’ पाय मोडून एकटा उभा राहील आणि ‘र’ त्याच्या शेजारी परक्यासारखा. कारण जुन्या फोटोशॉपला अक्षरं एकापुढं एक ठेवायची एवढंच माहीत, देवनागरीत अक्षर आधी बोलायचं आणि वेलांटी आधी काढायची हा घोळ त्याच्या डोक्यात कुणी घातलाच नाही. नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टाईपखाली साऊथ एशियनवालं ऑप्शन निवडलं की जोडाक्षरं नीट यायची, पण प्रेफरन्सेस उघडणं आपल्यात बसत नाही. आपण वेलांटी वेगळ्या लेयरवर टाकून माऊसनं सरकवत सरकवत अक्षराला नेऊन चिकटवायची. पत्रिकेत पाहुण्यांची नावं किती असतात तुम्हाला माहीतच आहे, काका मामा दाजी समस्त गावकरी मंडळी, करा सुरुवात.

नाहीतर मग श्रीलिपी, कृतीदेव, डीव्हीटीटी सुरेख हे आहेतच. ह्या जुन्या फॉन्टचा मोठेपणा कबूल केलाच पाहिजे, कंप्युटरला मराठी येत नव्हती त्या काळात ह्यांनीच आपले पेपर, पत्रिका, प्रश्नपत्रिका सगळं छापून दिलं. युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, आत कंप्युटर इंग्रजीच समजत बसतो आणि वर आपल्याला मराठी दिसतंय. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घाई कशाला. पीएचडीचा आख्खा प्रबंध ह्याच फॉन्टमध्ये पेजमेकरला टाईप करून घ्या. पेजमेकर म्हणजे छपाईची पानं मांडायचं १९८५ चं सॉफ्टवेअर, शेवटची आवृत्ती २००१ ची, त्याला युनिकोड कळतच नाही, तरी कॉलम पाडायला अजून कुणाच्या बापाला ऐकत नाही. फक्त ती फाईल गाईडला मेल करू नका. त्यांच्याकडं तो फॉन्ट नसतो, मग उघडल्यावर प्रस्तावनेपासून संदर्भसूचीपर्यंत नुसते डॉलर, टक्के अन् कंस दिसतात, आणि काही गाईड तेवढ्यावरच सही करतात असं ऐकण्यात आहे.

वर्डमध्ये करणार असाल तर स्पेसबारवर जीव लावा. शीर्षक मधोमध आणायचंय? स्पेस दाबा. नवीन पान पाहिजे? एंटर दाबत राहा. स्टाईल्स नावाची एक सोय त्याच्यात केव्हापासून पडून आहे, हेडिंगला स्टाईल लावली की अनुक्रमणिका आपोआप तयार होती, पानं वाढली की अपडेट होती, ट्रॅक चेंजेस लावलं तर कुणी काय खोडलं तेपण दिसतं. खरं सांगायचं तर वर्ड लिहायच्या कामाला लई दणकट आहे, पण त्यानं कष्टाची किंमत राहत नाही. अनुक्रमणिका हातानं टाईप करा, मग तिसऱ्या प्रकरणात एक फोटो टाका, तो फोटो मजकुराच्या ओळीत एखाद्या अक्षरासारखा बसतो आणि खालचं सगळं पुढच्या पानावर ढकलतो, मग पानांचे आकडे परत पहिल्यापासून.

फ्लेक्सवाल्याकडं मात्र कोरल ड्रॉच असतंय आणि ते बरोबरच आहे. व्हेक्टर म्हणजे रेषेचं गणित, अक्षर बोटाएवढं करा नाहीतर भिंतीएवढं, कड फाटत नाही. पण एवढी चांगली सोय वाया घालवायची तर मार्ग आहे. साहेबांचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअपच्या डीपीवरून स्क्रीनशॉट मारून घ्या, किंवा फोटोग्राफरला म्हणा व्हॉट्सअपवरच टाक, डॉक्युमेंट म्हणून टाकू नको, डॉक्युमेंटमध्ये फोटो आहे तसा येतो, त्यात काय मजा. फ्लेक्सला लांबून बघतात म्हणून इंचाला ७२ पिक्सेल असले तरी भागतं. आपण १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो १० फुटावर ओढायचा, म्हणजे इंचाला १३ पिक्सेल. साहेब चौकोनी दिसायला लागतात, पण ओळखू येतात, मिशीवरून.

ओढताना कोपऱ्यातून ओढायचं नाही, बाजूनं ओढायचं. जागा भरली पाहिजे. "ओ दादा, मधी मोकळं दिसायलंय, जरा ताणा की" असं म्हणणारा कार्यकर्ता शेजारी बसलेलाच असतो. जुन्या फोटोशॉपात शिफ्ट धरून ओढलं की माणूस प्रमाणात राहायचा, तेवढी एक गोष्ट काही लोकांना कशीबशी पाठ झाली होती, तर २०१९ च्या आवृत्तीत कंपनीनं ते उलटं करून टाकलं, आता शिफ्ट धरलं की चेहरा ताणला जातो. म्हणजे जे शिकले होते ते पण आपल्यात आले.

रंगाचं टेन्शन घेऊ नका. स्क्रीन लाल हिरवा निळा उजेड मिसळून रंग दाखवती, मशीन शाई मिसळून छापती, उजेडातले काही रंग शाईत होतच नाहीत. स्क्रीनवर जो झगझगीत निळा दिसतो तो सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, जांभळ्याकडं झुकतो, आणि १४ एप्रिलच्या बॅनरवर निळा जांभळा झाला तर काय होतं ते संभाजीनगरच्या कोणत्याही प्रिंटरवाल्याला विचारा, तो त्या आठवड्यात झोपत नाही. आधीच सीएमवायके मोडमध्ये काम करून नमुन्याचा एक तुकडा छापून बघितला असता तर भागलं असतं, पण वाद घालायला काहीतरी पाहिजे ना.

फाईल देताना फॉन्ट कर्व्ह करून द्या, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि समोरच्याकडं फॉन्ट नसला तरी चालतंय, सोय चांगलीच आहे. आणि मूळ फाईल लगेच डिलीट करा, जागा खाती उगं. मग मुहूर्त बदलला की ‘सकाळी’चं ‘सायंकाळी’ करायला बसा, एक एक वळण ओढत.

कुणीतरी हुशार पोरगा येऊन म्हणेल, फोटोशॉपच्या जागी फुकटचं गिंप वापरा, कोरलच्या जागी इंकस्केप वापरा, वर्डच्या जागी लिब्रेऑफिस आहे. त्याला उभं करू नका. गिंप १९९६ पासून आहे, पैसे घेत नाही, क्रॅक लागत नाही, आणि वर तोंड करून ‘विवाह’ आणि ‘प्रेषक’ बरोबर लिहून दाखवतंय, ही कसली पद्धत? खोटं कशाला बोलू, त्याच्यात पण खोडी आहेत, साधा गोल काढायचा तर आधी सिलेक्शन करा मग त्याची कड रंगवा, सेव्ह केलं तर एक्ससीएफ ही त्याची स्वतःचीच फाईल होतंय, जेपीजीला वेगळं एक्स्पोर्ट मारा, सीएमवायकेत थेट काम होत नाही, आणि मूळ फोटोला हात न लावता वरून इफेक्ट लावायची सोय २०२५ मध्ये ३.० आलं तेव्हा कुठं आली. ह्या उणिवा तोंडपाठ ठेवा. पोरगं गिंपचं नाव काढलं की सीएमवायके म्हणायचं, ते गप होतं. आपण स्वतः आयुष्यात कधी सीएमवायकेत काम केलं नाही हे सांगायची गरज नाही.

परीक्षेच्या फॉर्मचं राहिलंच. फोटो २० ते ५० केबी मागतात, सही १० ते २०. अर्ज प्रिंट काढा, सही करा, मोबाईलनं फोटो काढा, तो वर्डमध्ये टाका, वर्डची पीडीएफ करा, पीडीएफचा स्क्रीनशॉट मारा, आणि तो केबीत बसेपर्यंत जेपीजी परत परत सेव्ह करा. जेपीजी दरवेळी थोडं थोडं सोडून देतं, शेवटी सही कुणाचीही वाटायला लागती, पण फॉर्म सबमिट होतो.

आणि प्रूफ आलं की वाचत बसायचं नाही. शेतातून, एसटीतून, कुठूनही "ओके आहे दादा, छापा" एवढं टाकायचं. पोराच्या नावात चूक निघाली तरी घरच्यांना नाव माहीतच असतंय.