मेतकुटात गहू असतो आणि तो पाकिटावर लिहावाच लागतो

गृहउद्योग आणि बचत गटांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "होममेड" लिहिलं की लायसन्सची भानगड नाही, ऍलर्जीची ओळ ("यात अमुक आहे" अशी) म्हणजे परदेशी फॅड, आपल्याकडे कुणाला ऍलर्जी नसते, ती आपल्या पदार्थांना लागू नाही, छोट्या पाकिटावर काहीच छापावं लागत नाही, एफएसएसएआयचा (म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर असला म्हणजे माल सरकारने तपासलेला, आणि लेबल नुसतं मराठीत असलं तरी चालतं. खाली "सर्व ताईंपर्यंत पोहोचवा" आहेच. माझ्या वहिनीपर्यंत तो पोहोचला आणि तिने प्रिंटरला फोन करून मेतकूट आणि चटण्यांच्या नव्या लेबलवरची ऍलर्जीची ओळ काढून टाकायला सांगितली. तीन मिनिटांत वाचलेल्या मेसेजवर! म्हणून आधी त्याच मुद्द्याचं बोलते.

"आपल्याकडे कुणाला ऍलर्जी नसते" हे कुणी ठरवलं? ज्याला शेंगदाण्याची तीव्र ऍलर्जी आहे त्याचा कूट घातलेल्या चटणीच्या एका घासाने घसा सुजू शकतो, श्वास अडकू शकतो, बीपी पडू शकतं, आणि अशा वेळी ऍड्रेनलिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं नाही तर जीव जाऊ शकतो. शेंगदाण्याच्या चटणीत शेंगदाणा असणार हे सगळ्यांना कळतं हो, पण लसणाच्या नाहीतर खोबऱ्याच्या चटणीत कूट घातलाय की नाही हे गिऱ्हाईकाला पाकिटाशिवाय कोण सांगणार?

आता मेतकूट घ्या. लोकांच्या डोक्यात मेतकूट म्हणजे डाळ, तांदूळ आणि मसाला, म्हणून आजारी माणसाला, लहान मुलाला मऊ भाताबरोबर बिनधास्त देतात. पण पारंपरिक मेतकुटात मूठभर गहू भाजून घालतात, आणि वर हिंग. बाजारातला बांधणी हिंग म्हणजे निव्वळ हिंग नसतो, त्यात डिंक आणि पीठ असतं, ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं, डबीवरचे घटक वाचा म्हणजे दिसेल. सीलिएक आजार असलेल्या माणसाला गव्हातलं ग्लूटेन थोडंसंही चालत नाही, त्याच्या लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, आणि लगेच काही त्रास दिसला नाही तरी आतून नुकसान चालूच राहतं. अशा घरातली आई दुकानात उभी राहून पाकीट उलटसुलट करून वाचते. तिला तिथे गहू दिसला नाही तर ती ते पाकीट घेणार, आणि पोराला भरवणार.

आणि हे माझं मत नाहीये. लेबलिंग अँड डिस्प्ले रेग्युलेशन्स, 2020 नावाचे नियम एफएसएसएआयच्या साइटवर फुकट आहेत, कुणीही वाचा. त्यात ग्लूटेन असलेली धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडा वर्ग, शेंगदाणा आणि काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवायला घालतात ते रसायन), एवढ्यांची नावं "यात आहे" अशी वेगळी लिहायलाच सांगितलीत. तीळ त्या यादीत नाही, माझ्या मते असायला हवा होता, अमेरिकेत 2023 पासून आहे. पण गहू आणि शेंगदाणा आहेत, आणि हे दोन्ही आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत, परदेशातून आलेलं फॅड कुठलं?

छोट्या पाकिटाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. पाकिटाचं एकूण क्षेत्रफळ 100 चौरस सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल तर घटकांची यादी, बॅच नंबर, पोषणमूल्यं वगैरेतून सूट मिळते, पण मग ती माहिती अशा पुड्या एकत्र भरलेल्या मोठ्या पाकिटावर द्यावी लागते. आणि 100 चौरस सेंटीमीटर म्हणजे किती ते पट्टी घेऊन बघा! साधारण 7 बाय 7 सेंटीमीटरची पुडी, दोन्ही बाजू धरून. तुमचा पाव किलो मेतकुटाचा पाउच त्यात कुठून बसणार? पोषणमूल्यांच्या तक्त्याचंही तसंच, मसाल्यांना तो लागत नाही हे खरं, पण चकली-चिवड्याला लागतो, सगळं एकाच सुपात घालू नका.

"होममेड"ने काही माफ होत नाही. विकायला काढलं की तो धंदा, छोटा असेल तर निदान रजिस्ट्रेशन तरी हवंच, ते ऑनलाइन होतं, आणि त्याची फी वर्षाला 100 रुपये अशीच चालत आलीये. तो 14 आकडी नंबर मिळाला म्हणजे तुमची नोंद झाली, एवढंच. तुमचं प्रत्येक पाकीट सरकारने चाखून पास केलं असा त्याचा अर्थ नाही, तेव्हा "सरकारमान्य शुद्ध" असलं काही छापू नका. "100 टक्के" हा शब्दही टाळा, मे 2025 मध्ये एफएसएसएआयने त्याबद्दल सगळ्यांना सांगितलंय. नुसतं "बेस्ट बिफोर 3 महिने" पण पुरत नाही, बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि एक्सपायरी लागते.

मराठीचं मला स्वतःला वाईट वाटतं. पण आजचा नियम असा की माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत हवी, मराठी त्याच्या जोडीला जरूर छापा, मी तर म्हणते छापाच, कारण आपलं गिऱ्हाईक तेच वाचतं. नुसत्या मराठीवर मात्र भागत नाही.

आणि "कोण येतंय तपासायला" म्हणणाऱ्यांसाठी: 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 52 मध्ये चुकीच्या लेबलसाठी 3 लाखांपर्यंत दंड आहे. मेसेज लिहिणारा तो भरायला येणार नाही. ज्यांनी ओळ काढून पाकिटं छापून आणलीत त्यांनी "यात गहू आहे", "यात शेंगदाणा आहे" असा, जे असेल ते लिहिलेला, सहज न निघणारा स्टिकर इंग्रजी आणि मराठीत करून घ्या, प्रत्येक पाकिटाला लावा आणि मगच माल दुकानात द्या. वहिनीची पाकिटं अजून छापायला गेलेली नव्हती, ओळ परत घातलीये, आणि मेतकुटाच्या घटकांत हिंगापुढे कंसात गव्हाचं पीठही.