कुलूप न लावता शाळा बंद करण्याची सोपी रीत

गावातली जिल्हा परिषदेची शाळा अजून भरतेय आणि तुम्हाला मात्र शिक्षणक्षेत्रात काहीतरी करून दाखवायचंय, अशी अडचण असेल तर नाउमेद होऊ नका. फक्त टाळं लावायच्या भानगडीत पडू नका. त्यानं गाव पेटतं, पेपरात फोटो येतो आणि पुढच्या निवडणुकीत सगळं वसूल होतं. शाळा आपोआप पडली पाहिजे, आणि ती पडताना सगळ्यात जास्त हळहळ तुम्ही व्यक्त केली पाहिजे.

आधी रस्त्याकडेची वीस गुंठे जागा बघा. पत्र्याचं शेड मारा. 2012 सालचा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा तुमच्यासारख्या कर्त्या माणसांसाठीच आहे. नावात आजोबा आले पाहिजेत आणि ‘इंटरनॅशनल’ही आलं पाहिजे; दोन्ही एका पाटीवर मावत नसतील तर आजोबांची आद्याक्षरं घ्या. शिकवायला कोण, ही चिंता नको. डीएड करून, टीईटी पास होऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या मुली प्रत्येक गावात आहेत. खुरपायला गेल्या तर जास्त सुटतील एवढा पगार द्या, वर ‘मिस’ म्हणवून घ्यायची मुभा द्या. त्याही न मिळाल्या तर बारावी झालेली सूनबाई आहेच घरात. मिसचं शिक्षण किती, हे आजवर एकाही पालकानं विचारलेलं नाही. पालक टाय बघतो. इलॅस्टिकचा असला तरी चालतो.

आता सकाळी आठला पारावर जाऊन उभे राहा आणि आपल्या कामाचं फळ बघा. बंटी बुटाला पॉलिश करून, टाय लावून पिवळ्या गाडीची वाट बघतोय. त्याचं दप्तर आणि पाण्याची बाटली धरून त्याची थोरली बहीण शेजारी उभी आहे. गाडी आली की ती त्याला आत बसवते, बाटली देते आणि चप्पल फटफटवत जिल्हा परिषदेच्या शाळेकडे निघते. तिथं तिच्यासोबत ऊसतोडीला गेलेल्यांची, आजीपाशी ठेवलेली पोरं असतात. बाप म्हणतो, दोघांची फी झेपत नाही. खरंच झेपत नाही. बंटीची फीसुद्धा मुकादमाच्या उचलीतून भरलेली आहे. शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड होता. आता शाळेत घालणाऱ्याला दंड आहे, आणि तो तिमाही भरला तरी चालतो. गॅदरिंगला महाराजांचा फोटो मात्र विसरू नका. फुल्यांचाही लावा; 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी सगळ्यांसाठी सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं होतं, ते भाषणात सांगायची गरज नाही.

तिकडच्या शाळेची काळजी तुम्ही करू नका, ती सरकार करतं. गुरुजींकडे मतदार यादी असते, खिचडीचा हिशेब असतो, शाळेची माहिती ऑनलाइन भरायचं युडायस असतं, आधार असतं, आता पोरांच्या ओळख क्रमांकाचं अपारही आलं. उरलेल्या वेळात त्यांनी शिकवावं, याला कुणाची हरकत नाही. वीजबिल थकलं की मीटर जातो आणि सादिलचे, म्हणजे किरकोळ खर्चाचे, पैसे येईपर्यंत स्मार्ट टीव्हीवर धूळ बसते. गळकी खोली पाडायची तर निर्लेखनाचा, म्हणजे ती मोडीत काढायचा, प्रस्ताव, तो मंजूर होईस्तोवर दोन इयत्ता व्हरांड्यात. 2024 साली तर ‘एक राज्य एक गणवेश’ निघाला. कापड वरून यायचं, शिवणार बचत गट. 15 ऑगस्ट उजाडला तरी कित्येक पोरं जुन्याच कपड्यांत झेंड्याला उभी होती. डिसेंबरात निर्णय फिरवून गणवेश पुन्हा शाळा समितीकडे दिला. जानेवारीत पोषण आहारातल्या अंड्यांचे पैसे बंद झाले. तुमच्या गाडीला रंग देण्यापलीकडे तुम्ही काही केलेलं नाही, हे लोकांना छातीवर हात ठेवून सांगा.

एवढ्यानं पट वीसच्या खाली येतोच. मग कागद बोलायला लागतात. 2023 साली समूह शाळांची टूम निघाली, म्हणजे वाडीवरच्या चार शाळा मिळून लांबची एक. 2024 साली कमी पटाच्या शाळेत दोन शिक्षकांपैकी एक कंत्राटी चालेल, असं ठरलं. हिशेब सरळ आहे: पोरं नाहीत म्हणून मास्तर नाही, आणि मास्तर नाही म्हणून पोरं नाहीत.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली गंमत तर तोंडपाठ करून ठेवा. शिक्षण हक्क कायद्यानं तुमच्या शाळेतल्या पंचवीस टक्के जागा गरिबांच्या पोरांना द्याव्या लागतात. सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागा माफ. म्हणजे जी शाळा चालवायला परवडत नाही, तीच गरिबाच्या पोराला तुमच्या दारातून परत पाठवायला उत्तम! उच्च न्यायालयानं जुलैत तो नियम रद्द केला. न्यायालयाला ग्रामीण भागाची जाण नसते, दुसरं काय.

एका संकटाची मात्र आगाऊ कल्पना देतो. कधीकधी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकच येतो. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत असंच झालं. गावानं जमिनी दिल्या, शाळा उभी राहिली, प्रवेशाला रांगा लागल्या आणि आसपासच्या इंग्रजी माध्यमवाल्यांची झोप उडाली. पुढे तक्रारी झाल्या, मुख्याध्यापकांचं निलंबन झालं. सगळं रीतसर चाललं होतं. पण मग त्यांना दिलं शेजारच्या खेड तालुक्यातलं जालिंदरनगर, पट तीन. तीन! आपोआप मरणारी शाळा. त्या माणसानं ती शंभराच्या पुढे नेली आणि 2025 साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार आणला.

तेव्हा असा कुणी तुमच्या गटात सापडला, तर त्याला वर्ग असलेल्या कुठल्याच ठिकाणी पाठवू नका. जिल्ह्याच्या कार्यालयात प्रतिनियुक्तीवर घ्या, एक खुर्ची द्या आणि नावीन्यपूर्ण उपक्रमांचा अहवाल लिहायला बसवा. तीन प्रतींत.