अल्टोनाचं मैदान आणि आपल्या तालमी

२०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा पुढचा हंगाम थांबवल्याची बातमी आली, त्या रात्री कोल्हापूरच्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उशिरापर्यंत वाद चालला. लीग चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपणार होता. पुढचं ठरेना, म्हणून सगळं अडलं. एकाचं म्हणणं, मोठा उद्योगपती मागं उभा राहिल्याशिवाय आपलं फुटबॉल चालणार नाही. दुसऱ्यानं मला सुनावलं, "तुमच्या जर्मनीत सगळं सरकार करतंय, तुला काय कळणार?" मला दोघांचंही पटत नाही. का पटत नाही, ते ग्रुपवरच्या दोन ओळींत सांगता आलं नाही.

मी हॅम्बुर्गच्या अल्टोना भागात राहतो. इथल्या जुन्या फुटबॉल क्लबचं नाव आहे अल्टोना ९३. त्यातलं ९३ म्हणजे १८९३. त्या जुलैत अल्टोनातल्या काही तरुणांनी क्लब काढला, तो चक्क क्रिकेटसाठी! इंग्रजांचे खेळ तेव्हा बंदराबंदरांतून जर्मनीत पसरत होते. वर्षभरातच फुटबॉल आलं आणि क्रिकेट मागं पडलं. अल्टोना तेव्हा हॅम्बुर्गमध्ये नव्हतं. ते प्रशिया या जर्मन राज्यातलं स्वतंत्र शहर होतं आणि त्याआधी, १८६४ पर्यंत, डेन्मार्कच्या राजाचं. १९३७ च्या कायद्यानं ते हॅम्बुर्गला जोडलं गेलं. हद्दवाढीचे वाद ऐकत मोठा झालेल्या कोल्हापूरकराला हे लगेच जवळचं वाटतं. शहर गेलं, पण क्लबाच्या नावात अल्टोना राहिलं.

१९०० साली लाइपझिगमध्ये जर्मन फुटबॉल महासंघ स्थापन झाला, तेव्हाच्या ८६ संस्थापक क्लबांत हा एक. ३१ मे १९०३ रोजी जर्मनीच्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना अल्टोनातच, लष्कराच्या कवायतीच्या माळावर झाला. लाइपझिगनं प्रागच्या संघाला ७-२ असं हरवलं. पंच होता अल्टोना ९३ चाच फ्रान्झ बेर. खेळण्याजोगा चेंडू मिळेना, म्हणून सामना उशिरा सुरू झाला. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पेठेतल्या गल्ल्या आठवल्या. आज ज्या खेळाला अब्जावधी युरो मिळतात, त्याच्या पहिल्या अंतिम सामन्याला धड चेंडू नव्हता.

या क्लबाचा सगळ्यात मोठा खेळाडू आडोल्फ येगर. जर्मनीकडून १८ सामने खेळला, ११ गोल केले आणि जवळजवळ वीस वर्षं याच क्लबात राहिला. १९४४ मध्ये हॅम्बुर्गमध्ये न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याच्या कामावर असताना तो स्फोटात गेला. मैदानाला त्याचंच नाव आहे. १९६३ मध्ये बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च लीग, सुरू झाली, तेव्हा सोळा क्लबांत अल्टोना ९३ नव्हता. त्यानंतर वैभवाचे दिवस परतले नाहीत. चौथ्या-पाचव्या पातळीवर खाली-वर करत क्लब चालू आहे. शेजारी हॅम्बुर्ग एसव्ही आणि सांक्ट पाउली असे दोन नावाजलेले क्लब असूनही रविवारी माणसं इथं येतात, गवतानं भरलेल्या पायऱ्यांवर उभी राहतात आणि ओरडतात.

हा क्लब कोणाचा, या प्रश्नाचं उत्तर साधं आहे: सभासदांचा. जर्मनीतले बहुतेक क्लब नोंदणीकृत संस्था आहेत. नोंदणीला किमान सात सभासद लागतात. एक दशांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर सभा बोलवावीच लागते. माझी मुलगी वस्तीतल्या एका छोट्या क्लबात खेळते. तिथल्या वार्षिक सभेत मुलांची वर्गणी थोडी वाढवावी की नाही, यावर दोन तास चर्चा झाली. एका आजींनी हिशेबातली एक ओळ दाखवून खजिनदारांना उभं केलं. त्यांनी उत्तर दिलं, मग मतदान झालं. सरकार मैदान देतं, करात सवलत देतं, हे खरं. पण शनिवारी सकाळी पाऊस असताना जाळी बांधायला सरकार येत नाही. ते काम पालकच करतात.

म्हणून जर्मनीत सगळं आलबेल आहे असंही मी म्हणणार नाही. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर याच सभासदांच्या क्लबांनी आपल्या ज्यू सभासदांना बाहेर काढलं. अनेकांनी तर सक्ती होण्याआधीच. मतदानाचा हक्क माणसाला आपोआप भला करत नाही. आणि येगरच्या नावाचं ते मैदानही क्लबानं विकलं आहे. तिथं घरं होणार आहेत. जमिनीचा भाव इथंही फुटबॉलवर मात करतो. त्या पायऱ्यांवर उभं राहताना मला वाईट वाटतं.

तरी आमच्या कोल्हापूरकडे पाहिलं की मला निराशा येत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब: तालमी-मंडळांच्या या फुटबॉल संघांमागं कंपनी नाही, पेठ आहे. जर्मनांना जी निष्ठा सव्वाशे वर्षांनी मिळाली, ती आपल्याकडे तयार आहे. कायदाही आहे. संस्था नोंदणीचा १८६० चा आहे, सार्वजनिक न्यासांचा १९५० चा आहे. वाद मात्र दरवर्षी बाहेरून किती खेळाडू आणायचे यावरच अडकतो. परदेशी खेळाडू आणू नयेत, असं माझं मत नाही. त्यांच्यावर खर्च होणाऱ्या रकमेचा हिशेब पेठेतल्या प्रत्येकाला कळला पाहिजे आणि तो खर्च नाकारण्याचा हक्कही त्याला हवा. दहा वर्षांच्या मुलांचा संघ, मुलींचा संघ, त्यांना रोज शिकवणारी दोन माणसं: हे उद्योगपतीशिवाय होतं. माझ्या मुलीचा क्लब ते वर्गणीतून करतो.

यंदा गणपतीत मी गावी येतोय. विसर्जनानंतर तालमीची बैठक होते, तेव्हा मला पाच मिनिटं द्या. सभासदांची यादी आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च फक्त मोठ्यानं वाचून दाखवा, एवढंच मी मागणार आहे.