म्हातारपणी थायलंडला जायचंय? आधी तालुक्याला जा

नोकरी संपली आहे, लेक-जावई बँकॉकला आहेत, नातू व्हिडिओ कॉलवर रोज ‘आजोबा, कधी येताय?’ विचारतो आणि इकडे मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या खाली यायला तयार नाही. अशा वेळी ‘आता तिकडेच जाऊन राहावं’ असं तुमच्या मनात आलं असेल तर मनापासून अभिनंदन. उरलेलं आयुष्य कशात घालवायचं हा प्रश्न तुमचा सुटला.

थायलंड सरकार पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला ‘नॉन-इमिग्रंट ओ-ए’ नावाचा एक वर्षाचा व्हिसा देतं. तिकडे नोकरी करायची नाही, फक्त राहायचं. त्यासाठी मागतात काय? बँकेत 8 लाख बाट किंवा महिन्याला 65 हजार बाट उत्पन्न, आरोग्य विमा, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला आणि बायको सोबत येणार असेल तर विवाह प्रमाणपत्र. अर्ज घरी बसून ऑनलाइन भरता येतो. यादी वाचून तुम्ही म्हणाल, बस, एवढंच? म्हणा. म्हणायला पैसे पडत नाहीत.

पहिली सूचना म्हणजे गावात कुठे जाणार ते सांगू नका. ‘थायलंड’ एवढं ऐकलं की पारावरची मंडळी एकमेकांकडे बघतात, कुणीतरी डोळा मिचकावतो, आणि ‘वहिनींना नेताय का सोबत, गुरुजी?’ असं अत्यंत काळजीच्या सुरात विचारलं जातं. बद्रीनाथला चाललो म्हणून सांगा.

पैशांचं म्हणाल तर 8 लाख बाट म्हणजे आपले वीस लाखांच्या वर. ज्या वर्षी केळीला बरा भाव मिळेल त्या वर्षी अर्ज करा.

डॉक्टरांचा दाखला अगदी सोपा. तुम्हाला कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस नाही, एवढंच डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. वीस वर्षं तुम्हाला बीपीच्या गोळ्या देणारे डॉक्टर हा कागद वाचतात, चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात, पुन्हा कागद वाचतात. शिक्का कंपाउंडरकडे असतो, आणि कंपाउंडरला मोठ्याने वाचायची सवय असते. बाकड्यावर तुमचे माजी विद्यार्थी बसलेले असतील अशी वेळ निवडा.

पोलीस चौकशीला घरी येतील तेव्हा चहा द्या. मी चहाच म्हटलं आहे.

आता विवाह प्रमाणपत्र. यासाठी सवड काढा. तुमचं लग्न 1984 साली झालं असेल, बैलगाड्या जुंपून वऱ्हाड गेलं असेल, गावजेवण झालं असेल, तीन मुलं झाली असतील, त्यांचीही लग्नं झाली असतील, तरी कागदोपत्री तुम्ही एका अनोळखी बाईबरोबर राहत आहात हे ध्यानात असू द्या. नोंदणीसाठी अर्जावर नवरा-नवरीच्या सह्या लागतात, तीन साक्षीदारांच्या लागतात आणि लग्न लावणाऱ्या भटजींचीही लागते. भटजी वारून पंचवीस वर्षं झाली असं तुम्ही सांगाल. त्यावर तालुक्याच्या कचेरीतल्या खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणेल, ‘मग त्यांचा मृत्यूचा दाखला आणा.’ भटजींचा मुलगा सुरतेला. त्याला फोन करा. त्याच्याकडे दाखला नाही, पण तुमच्या लग्नातली बुंदी त्याला आठवते.

दाखला मिळाला की पुढची खिडकी. इथे कळतं की लग्नपत्रिका लागते. पत्रिका सापडली तर (आमची सापडली, देव्हाऱ्याच्या खणात, एका कोपऱ्याला हळदीचा डाग तसाच) तिच्यावर नाव आहे ‘चि. सौ. कां. शकुंतला’. आधार कार्डावर आहे सुलोचना. आपल्याकडे सासरी आल्यावर तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात, हे त्या खिडकीतल्या माणसाला ठाऊक नाही असं नाही. त्याच्या आईचं लिहिलं गेलं असेल, त्याच्या आजीचं तर नक्कीच. पण तो तुम्हाला विचारतो, ‘या दोन बाया एकच कशावरून?’ आणि त्या दोन्ही बाया एकाच लुगड्यात त्याच्यासमोर उभ्या असतात! आमच्या घरातून तेव्हा उत्तर आलं ते असं: ‘मी बायको नही, मंग रोज भाकरी कोन थापस?’ ते उत्तर ग्राह्य धरलं गेलं नाही. प्रतिज्ञापत्र आणा. आणलं. हे चालत नाही, राजपत्रात नाव छापून आणा. आणलं. आता साहेब मीटिंगला आहेत. साहेब आले तर सर्व्हर डाऊन. सर्व्हर आला तर त्या टेबलाची मॅडम रजेवर, आणि पासवर्ड मॅडमकडेच. मग एके दिवशी सगळे हजर असतात, आणि तेव्हा कळतं की साक्षीदारांच्या आधारची झेरॉक्स हवी, तीही स्वसाक्षांकित. अहो, हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? साक्षीदारांतला एक माझा मेहुणा. त्याचे गुडघे गेलेले. त्याला शिंदखेड्याहून एसटीने आणला, दोन माणसांनी धरून जिना चढवला, तर ‘लंच टाइम आहे, तीननंतर या’. डबा टेबलावर उघडाच, मोबाइल त्याला टेकवून उभा केलेला, त्यावर क्रिकेट चालू. माणूस गुडघ्याला हात लावून जिन्यात बसलाय, तो दिसतोय तिथून. दिसतोय!

असो. सूचनांकडे वळू.

जुनी प्रमाणपत्रं प्रेमाने लॅमिनेट करून ठेवली असतील तर ती भिंतीवर टांगा, खिडकीवर नेऊ नका.

परदेशी गेल्यावर सगळं सुटलं असं समजू नका. तिकडे दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवावा लागतो, आणि इकडे नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावाच लागतो. म्हणजे तुम्ही कुठे आहात हे एका देशाला आणि तुम्ही आहात हे दुसऱ्या देशाला सांगत राहायचं. सवय होईल.

एजंट करू का, असं बरेच जण विचारतात. जरूर करा. तो त्याच खिडकीच्या मागच्या दाराने जातो. तिथे सर्व्हर कधीच डाऊन नसतो.

आता उपरोध पुरे. थायलंडवाल्यांनी काय हवं ते एका पानावर छापलं होतं. त्यातलं एक अक्षर नंतर बदललं नाही, एक कागद वाढला नाही. त्या देशाने आम्हाला कधीच अडवलं नाही. अडवलं ते आपल्या तालुक्याने, आपली भाषा बोलणाऱ्या, आपल्याच शाळांत शिकलेल्या माणसांनी. 2015 पासून महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची ते सूचनाफलकावर लावा, अर्ज घेतला की पोच द्या, विनाकारण अडवलं तर पाचशे ते पाच हजार दंड, असं त्यात लिहिलेलं आहे. फलक कुठे आहे तुमचा? आमच्याकडे त्या जागी दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर लटकतंय. साहेब, यादी लावायला बजेट लागत नाही. एक कागद, चार टाचण्या. म्हातारी माणसं लांबून, उन्हातून येतात. त्यांना एकदाच, सगळं आणि नीट सांगायचं, एवढ्यासाठीच पगार मिळतो तुम्हाला.

आणि रांगेतल्या मंडळींनो, तुम्हीही ‘साहेब, साहेब’ करत हात जोडून उभे राहणं बंद करा. पोच मागा. नाही म्हणाला तर ते ‘नाही’ लेखी मागा. मागे उभा असलेला ‘जाऊ द्या ना गुरुजी, कशाला वाद’ म्हणेल. त्यालाही गप्प बसवा.