लांबून देखणी

जाहिरातीतल्या गाडीचा फोटो कायम एकाच जागेवरून काढलेला असतो: पुढच्या कोपऱ्यातून, जरासं खाली वाकून, चांगलं पाच-सहा मीटर अंतर राखून. डिझाइनरही ती तिथूनच बघत घडवतो, असा माझा दाट संशय आहे. मुंबईत गाडीच्या बाजूला एवढी मोकळी जागा पहाटे तीनलाही सापडत नाही. इथे गाडी दिसते ती हातभर अंतरावरून. डावीकडे रिक्षा, उजवीकडे बेस्टची बस आणि आरशाला हँडल घासून निघालेला डिलिव्हरीवाला.

खरं तर मुंबईला शोभेल असं डिझाइन एकदाच झालं आणि तेही केलं अर्थखात्याने. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. लगेच ३९९५ मिमी हा आकडा कंपन्यांच्या आवडीचा झाला. सेडानच्या डिक्या अशा छाटल्या गेल्या की मागून गाडी अर्धवट सोडल्यासारखी दिसे. दिसू दे, कोपऱ्यात वळते तरी. घोटाळा असा की रुंदीवर कर नव्हता. लांबी थांबली आणि पोट सुटलं. आजच्या छोट्या एसयूव्ही १८०० मिमीच्या घरात आहेत, आरसे उघडले की दोन मीटर. सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये (एकावर एक गाड्या ठेवायच्या मांडणीत) गाडी जाते, पण आतून माणूस बाहेर यायला दार उघडत नाही.

सर्वांत जास्त राग मात्र हेडलाइटवर. २०१९ साली व्हेन्यू, हॅरिअर, हेक्टर अशा सगळ्या एसयूव्हींनी एकच चेहरा लावला: वर बॉनेटच्या कडेला डीआरएलची (दिवसाही पेटणाऱ्या दिव्याची) किंवा इंडिकेटरची बारीक पट्टी आणि खरा दिवा खाली बंपरात. लांबून गाडी रागीट दिसते. जवळून बघा, ही नेमकी बाइक-रिक्षांचा धक्का बसायची उंची. पूर्वी कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा बंपर पोलादी, अंगाबाहेर काढलेला. पहिला मार तो खायचा, दिव्यापर्यंत गोष्ट जायचीच नाही. आता पहिला मान दिव्याचा. त्यात तो एलईडी, सीलबंद. मागची प्लॅस्टिकची पकड तुटली तरी बहुतेक वेळा अख्खं युनिट बदला म्हणतात. पावसाळ्यात काचेच्या आत धुकं धरलं तर घाबरू नका. दिवे थोडा वेळ लावल्यावर गेलं तर ते हवेतल्या ओलीचं. थेंब साचून ओघळ दिसले तर सील गेलं. मग त्याच दिवशी फोटो काढून वॉरंटीत टाका, कारण वाळल्यावर सर्व्हिस सेंटरला काहीच दिसत नाही.

चाकांचंही तेच. २१५/६० आर१६ (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १६ इंच) टायरची बाजूची भिंत १२९ मिमी. वरच्या व्हेरियंटमध्ये २१५/५५ आर१७ मिळतो. चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच, पण रबर ११८ मिमीवर येतं. हे ११ मिमी फोटोत रुबाबदार दिसतात आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेला कमी पडतात. कड आणि रिम यांच्यात टायर चिमटतो, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुग्याला पॅच लागत नाही. टायर टाकायचा, बस. माझं मत विचाराल तर १६ इंच घ्या आणि उरलेल्या पैशांत स्टेपनी त्याच मापाची मागा.

चकचकीत काळ्या प्लॅस्टिकबद्दल बोलायलाच नको, कोरड्या फडक्याने एकदा धूळ पुसली की त्यावर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं उमटतं. मागच्या दाराचं हँडल खिडकीच्या खांबात लपवायची हौस स्विफ्टने २०१८मध्ये केली, २०२४मध्ये ते गुमान दारावर परत आलं. आजीआजोबांना दार कुठून उघडायचं ते सांगत बसणारे सुटले.

राहता राहिलं सनरूफ. मुंबईत ते उघडून वर बघावं तर मेट्रोचा खांब किंवा कबुतर. पण बंद असतानाही ते कामाला लावतं. काचेच्या कडेने पाणी थोडं आत येणारच, तसंच ते बनवलेलं असतं. खालच्या पन्हळीतून बहुधा चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी ते बाहेर जातं. गुलमोहराची पानं, धूळ यांनी नळी तुंबली की पाणी खांबातून पायाशी उतरतं, आणि गालिचाखाली बऱ्याच गाड्यांत वायरिंग असतं. मे संपायच्या आत पन्हळ पुसा आणि कोपऱ्यात बाटलीने हळूहळू पाणी सोडा. ते गाडीखाली टपकलं पाहिजे. नाही टपकलं तर नायलॉनची जाड, ताठ दोरी नळीत सावकाश सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी सांध्यातून निसटते आणि मग छताचं अस्तर उतरवावं लागतं. ही बाटलीची परीक्षा शोरूममध्येच घेऊ द्यावी, अशी माझी जुनी मागणी आहे. सेल्समन काच सरकवून आकाश हौसेने दाखवतो, बाटली बघितली की मात्र मॅनेजरला बोलावतो.