भोपळ्याच्या मुळावर वाढलं म्हणून कलिंगड भोपळा होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज कलिंगडाच्या हंगामात हमखास फिरून येतो. फोटोत माणसाच्या कमरेएवढं कलिंगड आणि खाली मजकूर साधारण असा: ‘ही राक्षसी फळं नैसर्गिक नाहीत. कलिंगडाचं रोप भोपळ्याच्या मुळावर चिकटवतात, त्यामुळे भोपळ्याची जनुकं फळात शिरतात. वरून हार्मोनची इंजेक्शनं टोचतात, म्हणून गर आतून फाटलेला असतो. असं फळ खाऊ नका. मात्र बी जपून ठेवा, पेरलंत तर तेवढंच मोठं फळ येईल.’

विष म्हणून खायचं नाही, पण बी मात्र जपायचं! ज्याने हे लिहिलं त्याला स्वतःलाच ते वाचायला कुणीतरी द्यायला हवं होतं. तरी यातल्या प्रत्येक वाक्याला कुठे ना कुठे खऱ्याचा एक धागा चिकटलेला आहे, आणि म्हणूनच ते पसरतं. तेव्हा एकेक घेऊ.

‘नैसर्गिक नाहीत’

एवढी फळं खरोखर होतात. 2013 साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात पिकलेलं एक कलिंगड 350.5 पौंड, म्हणजे 159 किलो भरलं आणि गिनीज बुकात गेलं. त्याआधी 2005 मध्ये आर्कान्सातल्या होप गावच्या फळाने 268.8 पौंडांचा विक्रम केला होता. या स्पर्धांमध्ये ‘कॅरोलिना क्रॉस’ या वाणाचं आणि त्याच्या वंशातल्या बियांचं राज्य आहे. हा सरळ वाण आहे, प्रयोगशाळेत जनुक घालून केलेला नाही. मोठ्या फळाचं बी ठेवायचं, त्यातल्या मोठ्याचं पुन्हा ठेवायचं, हे काम पिढ्यानपिढ्या चालत आलंय. त्यात माणसाचा हात आहेच, पण तो तर आपण खातो त्या प्रत्येक पिकात आहे. रानातलं मूळ कलिंगड लहान, फिकट आणि बऱ्याचदा कडू असायचं.

आणि 159 किलोत आहे काय? कलिंगडाच्या गराचा 91–92 टक्के भाग पाणी असतो. मुळाने उचललेलं पाणी आणि पानांनी केलेली साखर, एवढ्याच दोन वस्तूंचा हा डोंगर.

‘भोपळ्याची जनुकं शिरतात’

इथे जरा थांबायला हवं, कारण अर्धी गोष्ट खरी आहे. कलिंगडाचं कलम दुधीवर किंवा लाल भोपळ्याच्या संकरित खुंटावर (खुंट म्हणजे खालचं, मूळ पुरवणारं रोप) करतात, आणि ते लपवून करत नाहीत. जपानमध्ये 1920 च्या दशकात याची सुरुवात झाली ती मोठ्या फळांसाठी नव्हे, मर रोगामुळे. या रोगाची फ्युजॅरियम बुरशी मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसते आणि कलिंगडाच्या मुळातून शिरून वेल उभा वाळवते. कलिंगडावर येणारा तिचा प्रकार दुधीच्या मुळाला मात्र बाधत नाही. म्हणून मूळ दुधीचं, वेल कलिंगडाचा.

प्रत्यक्ष काम पाहिलं की गूढ संपतं. खुंटाच्या रोपाचा शेंडा खुडायचा. दोन दलपत्रांच्या, म्हणजे बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन जाड पानांच्या, मधोमध बारीक काडीने तिरकं भोक पाडायचं. कलिंगडाच्या कोवळ्या रोपाचं देठ ब्लेडने पाचरीसारखं तासायचं आणि त्या भोकात खोचायचं. मग आठवडाभर ते ट्रे दमट, उबदार, मंद उजेडाच्या जागी झाकून ठेवायचे. दोन्हीकडच्या नळ्या एकमेकींना जुळल्या की पाणी वर चढायला लागतं आणि मान टाकलेलं पान ताठ होतं.

जुळतात त्या नळ्या. पेशी आपापल्या केंद्रकासकट आपापल्याच राहतात. 2009 मध्ये तंबाखूच्या कलमांवर झालेल्या एका संशोधनात जोडाच्या जागी पेशी-पेशींमध्ये हरितलवकांच्या डीएनएची देवाणघेवाण झालेली दिसली, हे खरं आहे. पण ती जोडाच्या सांध्यापुरतीच होती. फूल उमलतं ते त्या सांध्यापासून कितीतरी लांब, वेलावर, कलिंगडाच्याच पेशींतून.

सर्वांत साधा पुरावा बियांचा. कलमी वेलावरच्या फळाचं बी पेरा. येणाऱ्या रोपाला मूळ कलिंगडाचंच असतं आणि मर रोगाची माती असेल तर ते मरतं. दुधीची जनुकं खरंच वर चढत असती तर एकदा कलम करून बी धरलं की काम झालं असतं. दर हंगामात हजारो रोपांच्या माना कापत बसायची हौस कुणाला आहे?

‘आमच्या कलिंगडाला भोपळा लागला’ असं शपथेवर सांगणारी माणसं मला भेटली आहेत, आणि ती खोटं बोलत नव्हती. माझ्याच एका वेलावर पांढरी फुलं आली होती. कलिंगडाचं फूल पिवळं, सकाळी उमलणारं. ही पांढरी आणि संध्याकाळी उमललेली. वेल मागे मागे धरत गेलो तर बुडाशी जोडाच्या खालून फुटवा आलेला. कलम करताना खुंटाच्या दलपत्रांच्या बेचक्यातला डोळा मी नीट खरवडला नव्हता. दुधीने आपलं डोकं वर काढलं आणि शेजारचं कलिंगड उपाशी राहून गेलं. जादू नाही, आळस. उलटी चूकही लोक करतात, जोड मातीखाली पुरतात. मग कलिंगड तिथून स्वतःची मुळं सोडतं आणि ज्या रोगासाठी सगळा खटाटोप केला तो त्या मुळांतून आत येतो.

खुंट दणकट असेल तर मुळांचं जाळं मोठं होतं, पाणी आणि नत्र जास्त उचललं जातं आणि फळ वजनाला चढतं. पण वाणाने आखलेल्या मर्यादेत. ‘शुगर बेबी’ सारखं चार-पाच किलोचं वाण कुठल्याही भोपळ्यावर चढवा, ते शंभर किलोचं होणार नाही.

‘इंजेक्शनं टोचतात, म्हणून आत फाटतं’

सुई घुसलेल्या जागेतून कलिंगड गळतं आणि तिथूनच सडायला लागतं. शेतभर फळांना कुणी हे करत बसणार नाही. भीतीचं मूळ बहुधा 2011 च्या बातमीत आहे. चीनच्या जिआंग्सू प्रांतात शेतातली कलिंगडं फटाफट फुटली आणि त्यातल्या काही शेतांत फोरक्लोरफेन्युरॉन हे वाढ संजीवक वापरलेलं होतं, तेही उशिरा आणि पावसाळी हवेत. ते फवारलेलं होतं, टोचलेलं नव्हतं.

गराच्या मधोमध पडणारी भेग हा वेगळाच प्रकार. परागीभवन अपुरं झालं आणि पुढे फळ भराभर फुगलं की मधला गर ताणून फाटतो. मादी फुलाची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, तीन भागांची असते आणि तिन्हींवर भरपूर पराग पडावे लागतात. एकाच बाजूला पडले तर फळही एका बाजूला वाकतं. अशी भेग पडलेला गर खायला काही हरकत नाही.

‘बी ठेवा, तेवढंच मोठं येईल’

हे ऐकायला सगळ्यांत भाबडं, पण नुकसान करणारं. फळाचा गर आणि साल आईच्या पेशींची. बाप कळतो तो फक्त बियांत. मधमाशीने शेजारच्या वेगळ्या वाणावरून पराग आणले असतील तरी यंदाचं फळ दिसायला-चवीला तसंच राहील, गोंधळ पुढच्या वर्षी उगवेल. म्हणून मोठ्या फळांचे खेळाडू मादी कळी उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी पिशवीत बांधतात, सकाळी निवडलेल्या वेलाचं नर फूल आणून हाताने पराग लावतात आणि वहीत आई-बाप दोघांची वजनं लिहितात. बाजारातलं फळ संकरित असेल तर त्याच्या बियांतून दहा वेल दहा तऱ्हांचे निघतात.

शिवाय वजन एका जनुकाच्या हातात नाही. अनेक जनुकं, त्यावर माती, पाणी, वेलावर किती फळं ठेवली, किती पानं शाबूत राहिली. जपानमध्ये खोक्यात वाढवून चौकोनी कलिंगड करतात. त्याचं बी पेरलं तर फळ चौकोनी येत नाही. एका वेलावर एकच फळ राखून कमावलेले किलोही असेच, बियांत उतरत नाहीत.

मेसेजवाल्याने जे लिहिलं नाही पण लिहायला हवं होतं ते चवीबद्दल आहे. लाल भोपळ्याच्या खुंटावरचं फळ बऱ्याचदा उशिरा पिकतं, गर घट्ट आणि साल जाड होते. साध्या रोपाचे दिवस मोजून ते तोडलं की फिकं लागतं आणि मग ‘भोपळ्यासारखं लागतंय’ असा बोभाटा होतो. देठाजवळचा तणावा (वेलाचा गुंडाळलेला तंतू) पूर्ण वाळेपर्यंत आणि जमिनीला टेकलेला डाग चांगला पिवळा होईपर्यंत थांबायचं. मी पहिल्या वर्षी थांबलो नव्हतो.